धारांच्या वेळेला
दुपारी तीनची वेळ ऐकली आणि जनीनच्या आईने, नोएलाने, हातातला चहाचा मग ओट्यावर आपटला.

"तीन? अगं जनीन, तीन वाजता या गिप्सलँडात कुणी कुणाला पुरतं का? तेव्हा गाई फाटकाशी येऊन उभ्या असतात!"

जनीन मेलबर्नला गेल्यापासून ऑफिसच्या घड्याळावर जगत होती. वडिलांचा अंत्यविधी ठरवताना तिने पाद्र्याची सोय पाहिली, भावाच्या विमानाची सोय पाहिली, पण धारांची वेळ काही तिच्या डोक्यात आली नाही. गाईंच्या शेणात लोळून मोठी झालेली ही मुलगी. तिने ही चूक करावी म्हणजे कमालच होती. आता बदलायचं म्हटलं, तर पाद्र्याला दुसऱ्या दिवशी भलत्याच गावी जायचं होतं.

"झालं तर मग," नोएला म्हणाली. "चर्चमध्ये मी, तू आणि तो पेटीतला. आपल्या गाईंसाठी मी एक रोजंदारीचा माणूस सांगते, पण बाकीच्यांनी काय करायचं?"

बाकीचे आले नाहीत तरी जनीनला चाललं असतं. तिला यायला हवा होता तो एकच माणूस, शेजारच्या शेतावरचा मर्व्ह किनेन. तिचे वडील कॉल ट्रेलोर आणि हा मर्व्ह व्हिएतनामात एकाच तुकडीत होते. सैनिकाच्या पेटीवर त्याच्या सोबत्याने लाल पॉपीचं फूल ठेवायचं आणि आठवणीच्या ओळी म्हणायच्या, ही इथली रीत. त्या तुकडीतला मर्व्ह तेवढा उरला होता.

हे व्हायलाच हवं, असं जनीनने मनाशी धरलं होतं. दर पंचवीस एप्रिलला, सैनिकांच्या स्मृतिदिनी, गावातले बाप कोटावर पदकं लावून पहाटेच्या संचलनाला जायचे, आणि तिचा बाप गोठ्यात. शाळेतली पोरं विचारायची, "तुझा बाप खरंच लढला का गं, की तिथंही गाईच पिळत होता?" एकदा तिने रडत घरी येऊन त्यालाच विचारलं. "गाईंना एप्रिल कळत नाही, पोरी," एवढं म्हणून तो बादली उचलून चालता झाला.

माणूस कामाला वाघ होता. पहाटे धारा, मग कुंपणं, चारा, कुणाचा तरी बिघडलेला ट्रॅक्टर, संध्याकाळी पुन्हा धारा. आणि एवढं करून जेवणाच्या टेबलाशी बसला की पोरांची बडबड ऐकताना काट्याला टोचलेला बटाटा तसाच हातात राहायचा. असा बाप मिळायला भाग्य लागतं, हे जनीन जाणून होती. पण निदान शेवटी तरी लोकांनी त्याला सैनिक म्हणून पाहावं, असं तिला वाटत होतं.

चर्च भरलं, नोएलाचा अंदाज साफ चुकला. पंचक्रोशीतल्या लोकांनी भर दुपारी गाई गोळा करून धारा उरकल्या होत्या. अवेळी बोलावलेल्या गाईंनी नखरे केले, दूध कमी दिलं, शिव्या खाल्ल्या. लोक घाईघाईत सूट चढवून आले होते आणि सगळ्या चर्चला गोठा धुण्याच्या औषधाचा वास येत होता. फक्त पहिल्या बाकावरची मर्व्हची जागा रिकामी होती.

पाद्र्याने वाट पाहिली, दाराकडे पाहिलं, जनीनकडे पाहिलं, आणि पुढचं वाचायला घेतलं. ओळी त्यानेच म्हटल्या. फूल जनीनने ठेवलं. उभ्या आयुष्याची दोस्ती, आणि म्हाताऱ्याला एक तास काढता आला नाही!

दफन झाल्यावर आईला हॉलमध्ये चहा-सँडविचला बसवून ती गाडीत बसली. मर्व्हला जाब विचारायचाच होता. पण त्याच्या शेताच्या अलीकडे तिच्या घरचंच फाटक लागायचं, आणि तिथे त्याची जुनी गाडी उभी होती. गोठ्यातून यंत्रांचा आवाज येत होता.

आत मर्व्ह होता. चांगला काळा सूट, त्यावर रबरी एप्रन, पायात कॉलचे गमबूट. एप्रनच्या कडेतून पदकं डोकावत होती आणि त्यांच्यावर शेण उडालं होतं.

"तुमचा तो रोजंदारीचा शहाणा आलाच नाही," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "मी चर्चला निघालो होतो. गाई फाटकाशी हंबरत होत्या. कासा दगड झालेल्या. सोडून कसा जाऊ?"

"अंकल मर्व्ह, पण आज... तुम्हीच हवे होतात."

"आजच तर गाई सोडून चालणार नव्हतं." त्याने एका गाईची यंत्रं काढून दुसरीला लावली. "पंचवीस एप्रिलला माझ्या गाई कोण पिळायचं, माहितेय?"

जनीनने मान हलवून नाही म्हटलं.

"तो. आधी स्वतःच्या, मग माझ्या. दोन गोठे, दोन माणसं. दोघांना एकदम जाता यायचं नाही. पहिल्या वर्षी आम्ही नाणं उडवलं, मी जिंकलो. दुसऱ्या वर्षी म्हटलं, कॉल, आता तुझी पाळी. तर म्हणाला, तू जा. मी घरी गेलो की बोलायला चार पोरं आहेत. तुला त्या दिवसाखेरीज कोण आहे?" मर्व्हने मनगटाने नाक पुसलं. "खोटं नव्हतं ते. बायको सोडून गेलेली. ती पहाट नसती ना जनीन, तर मी कधीच संपलो असतो."

इतकी वर्षं जनीन ज्या संचलनावरून बापावर रुसली होती, ते त्याने घरच्या पोरांच्या, म्हणजे तिच्याच भरवशावर सोडलं होतं. ती खालच्या फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मर्व्हने तिला रडू दिलं. मग कॉलचा एप्रन खुंटीवरून काढून तिच्या मांडीवर टाकला.

"शेवटची रांग राहिलीय. विसरली नाहीस ना?"

विसरली नव्हती. हात आपोआप चालले. गाई कुरणाकडे गेल्यावर मर्व्हने हात धुतले, खिशातलं चुरगळलेलं फूल काढून कॉलच्या रिकाम्या खुंटीला अडकवलं आणि ताठ उभं राहून ओळी म्हटल्या. मध्ये अडखळला, पण पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या.

"एप्रिलमध्ये मी येते," डोळे पुसत जनीन म्हणाली. "तुम्ही संचलनाला जा. दोन्हीकडच्या धारा मी काढीन."

मर्व्हने तिच्याकडे, तिच्या शेणाने भरलेल्या काळ्या झग्याकडे पाहिलं.

"ये," तो म्हणाला. "वेळ तेवढी मला विचारून ठरव."