लोकरीनं वाढलेली उंची

मी उंची मोजायची फळी बोलतेय. माझ्यापुढे उभी राहिली की मोठी माणसंसुद्धा नकळत टाचा उचलतात. सागवानाचा जाड तक्ता, त्यावर पोलादी पट्टी आणि वरखाली सरकणारा एक आडवा दांडा, एवढाच माझा देह. मला घडवणाऱ्या औरंगाबादच्या सुतारानं शेवटचा हात फिरवताना म्हटलं होतं, "ही एका रेघेचीसुद्धा चूक करणार नाही."

मी दोन वर्षं चूक केली. तीही संशोधनाच्या नावाखाली.

१९९८ सालची गोष्ट. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. शहरातल्या एका संस्थेनं मोठा अभ्यास काढला होता. मोठ्यांच्या रक्तातली साखर तपासायची आणि लहान मुलांच्या शरीरातल्या ग्रंथी नीट काम करतात की नाही ते बघायचं. जीपच्या टपावर मला दोरीनं बांधलं आणि सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला आणलं. शाळेच्या ओसरीत शिबिर भरलं.

अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर दत्तप्रसाद टेबलामागे बसत. उंची वाचून सांगायला शिवहार नावाचा तरुण होता. तो आकडा ओरडायचा, डॉक्टर लिहायचे. टेबलावरून मान वर केली की विज्ञानाचा अपमान होतो असं कुणी त्यांना शिकवलं होतं की काय, कोण जाणे! साखर तपासायला उपाशी या, असं गावाला बजावलं होतं. एका बागायतदारानं दोन कप चहा ढोसून रक्त दिलं आणि वर विचारलं, "चहा काय जेवण हाय का साहेब?" तेही लिहून झालं. उपाशी म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई आपल्या लेकीला घेऊन आली. धनगराच्या घरातली बाई. नवरा लिंबाजी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन लांब चाऱ्याला जायचा, पार पावसाळ्यापर्यंत. पोरीचं नाव दीपमाला, वय आठ. दिसायला चार-पाच वर्षांची. तोंड सुजल्यासारखं, कातडी खरखरीत, आवाज जडसर. उन्हातही तिनं अंगावर घोंगडं घेतलेलं.

"एकशे चार!" शिवहार ओरडला. मग पंचफुलाबाईकडे बघून हसला. "बाई, पोरगी अशीच राहिली तर डॉक्टर हिला पुण्याला नेऊन ठेवतील बरं का, काचेच्या पेटीत!"

त्याला गंमत वाटली. पंचफुलाबाईनं सेनगावचा बाजारही दोनदाच बघितला होता. पुणं तिच्यासाठी चंद्राएवढं लांब होतं. तिनं लेकीचा हात असा घट्ट धरला की पोरगी कळवळली.

त्या अभ्यासाचा एक नियम होता. दर सहा महिन्यांनी मोजायचं. ज्या मुलाची वाढ थांबलेली दिसेल त्याचं रक्त घ्यायचं, ग्रंथीचा दोष शोधायचा, औषध द्यायचं. ज्याची वाढ बरोबर, त्याला बिस्किटाचा पुडा देऊन घरी पाठवायचं. नियम कागदावर चांगलाच होता. त्याला फक्त डोळे नव्हते.

पुढच्या शिबिराला दीपमाला आली ती डोक्यावर उंच अंबाडा बांधून. माझा दांडा खाली आला आणि काहीतरी मऊ लागलं. केस इतके मऊ नसतात. ती लोकर होती. पंचफुलाबाईनं स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचा बोळा करून अंबाड्यात खुपसला होता. मला जीभ असती तर मी तिथंच ओरडले असते. शिवहारला जीभ होती. तो ओरडला, "एकशे साडेसहा!"

"केस सोडायला सांगितले का?" डॉक्टरांनी न बघता विचारलं.

"हो साहेब," शिवहार म्हणाला. मागे साठ पोरं रांगेत होती.

त्याच्या पुढच्या खेपेला बोळा मोठा झाला. मग आणखी मोठा. एकशे साडेआठ. एकशे साडेदहा. मधल्या काळात आमचा जिल्हा परभणी सोडून हिंगोली झाला, कागदांवरचे शिक्के बदलले, पण दीपमालाचा तोच फ्रॉक तिला तसाच बसत होता. कागदावर ती लोकरीनं वाढत होती. तिच्या नावाची रेघ कशी छान चढतेय, असं डॉक्टर एकदा कौतुकानं म्हणालेसुद्धा. नाव कसलं, नंबर! दोनशे चौदा.

मी या माणसांवर कधी हसायचे, कधी चिडायचे. एवढी शिकलेली माणसं, आणि समोर थंडीनं काकडणारं लेकरू एकालाही दिसू नये?

२००० साली पाचवं शिबिर दिवाळीच्या आधीच आलं. मेंढरांची कातरणी चालू होती, म्हणून लिंबाजी गावात होता. आम्ही ओसरीत उभे, तोच तो हातातली काठी टेकवत आला. मागून पंचफुलाबाई लगबगीनं येत होती. "अहो, तुमी काहून येऊन राहिले? मी नेते की पोरीला!"

त्यानं ऐकलं नाही. सरळ टेबलापाशी गेला.

"साहेब, माही पोरगी वाढून नाही राहिली."

"नंबर?" डॉक्टरांनी कागद चाळला. "वाढतेय की, बाबा. दोन वर्षांत साडेसहा सेंटिमीटर."

"न्हाई वाढली." लिंबाजीनं काठी पुढे केली. "दर साली कातरणी झाली की मी पोरीला आंघोळ घालून उभी करतो, हिच्या डोक्यावर हात ठिवतो अन् काठीवर खाच पाडतो. कोकरासारखंच. ही पयली, ही दुसरी, अन् ही कालची. बगा."

तीन खाचा. तिन्ही एका बोटाच्या रुंदीत.

शिवहार फिदीफिदी हसला. "मामा, ही फळी सरकारमान्य हाय. तुमची काठी कोणत्या कंपनीची?"

"माह्या कळपात असं खुरटं कोकरू असतं तर दोन महिन्यात वळखलं असतं मी. तुमाला दोन वर्संबी पुरली न्हाईत?" लिंबाजीनं दीपमालाला माझ्यापुढे उभं केलं आणि सवयीनं तिच्या डोक्यावर तळहात दाबला. हात खाली रुतला. त्यानं अंबाड्यात बोटं घातली आणि लोकरीचा लांबलचक बोळा बाहेर ओढला.

रांग खदखदून हसली. पंचफुलाबाई मटकन खाली बसली. "पुण्याला नेतील म्हनले होते..." ती पुटपुटली.

दीपमाला मात्र हलली नाही. केस मोकळे, पाठ माझ्याशी टेकलेली. त्या जड आवाजात ती म्हणाली, "आता मोजा."

एकशे सहा. दोन वर्षांत दोन सेंटिमीटर.

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं, आता तरी ते पोरीकडे बघतील. ते पुन्हा कागदाकडेच वळले. "पाच मापं वाया गेली!" त्यांनी दोनशे चौदावर तांबडी रेघ मारली. "हिला अभ्यासातून काढा. चला, आवरा."

"अन् रगत?" लिंबाजीनं विचारलं.

"अभ्यासात नाही तर रक्त कसं घेणार? तालुक्याला दाखवा."

लिंबाजी ओसरीतून उतरला आणि तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. पाच मिनिटांत नुकती कातरलेली, उघडी-नागडी दीडशे मेंढरं शाळेच्या आवारात शिरली आणि जीपभोवती बसली. टपावर नाही, एवढंच. शिवहारनं हॉर्न वाजवला. मेंढरांनी रवंथ चालू ठेवलं.

"हाकल ना मामा!"

"रगत घ्या. मंग हाकलतो."

दोन तास गेले. शेवटी डॉक्टरांनी सुई काढली.

महिन्याभरानं अहवाल आला. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीनं जवळजवळ काम सोडलं होतं. औषध काय? रोज सकाळी उपाशीपोटी एक बारकी गोळी. बस्स! एवढीशी गोळी दोन वर्षं त्या टेबलावरच्या डबीत पडून होती, मोजणाऱ्यांच्या हाताच्या अंतरावर.

पहिल्या वर्षात दीपमाला नऊ सेंटिमीटर वाढली. घोंगडं सुटलं, आवाज मोकळा झाला. पुढे शहरात परिषद भरली, तेव्हा मला मुद्दाम व्यासपीठाजवळ उभं केलं. पडद्यावर दीपमालाचा फोटो होता, डोळ्यांवर काळी पट्टी. आंधळं कोण होतं आणि पट्टी कुणाला! डॉक्टर म्हणाले, "आमच्या पथकाच्या बारीक निरीक्षणामुळे हे निदान झालं." टाळ्या पडल्या. लोकर नाही, काठी नाही, मेंढरं तर नाहीतच.

अभ्यास संपला. मला गोरेगावच्या अंगणवाडीला देऊन टाकलं. काही वर्षं माझ्यावर पापड वाळले, मग दार अडवायला माझा उपयोग झाला. आता २००८ साल आहे. याच वर्षी नवी मदतनीस आली आणि तिनं मला धुऊन, पुसून भिंतीला उभं केलं. ती दीपमाला. उंची एकशे सेहेचाळीस. गोळी आणखी दोन वर्षं आधी मिळाली असती तर किती झाली असती, हे कुणाच्याच कागदावर नाही.

माझी पोलादी पट्टी गंजलीय, दांडा अडकतो. मला फार दिवस नाहीत. जाता जाता मोजणाऱ्यांना एवढंच सांगते, माझ्यावरचा आकडा वाचण्याआधी लेकराच्या तोंडाकडे बघा. तेवढं जमत नसेल तर मला जाळून चहा करा, निदान कुणाला ऊब तरी मिळेल.

सकाळी एक पोरगी आली, दोन वेण्या वर बांधलेली. दीपमालानं रिबिनी सोडल्या, पोरीचं तोंड उजेडाकडे वळवून नीट पाहिलं आणि बापासारखाच तळहात तिच्या डोक्यावर सपाट दाबला.

माझा दांडा तिनं त्यानंतर खाली आणला.