शेऱ्याचा रकाना

"इथं कुणी सिंधु न्हाई," कोंडाबाईनं चौकटीला हात लावून सांगितलं.

फाईल घेतलेला माणूस हलला नाही. त्यानं कागदावरचं नाव पुन्हा पूर्ण वाचलं, सिंधु व्यंकटी सोनकांबळे, आणि मोबाईल काढून घराचा फोटो घेतला. अनोळखी माणूस आपल्या लग्नाच्या वयाच्या पोरीचं नाव घेत दारात येतो आणि वर फोटो काढतो, हे कोंडाबाईला मुळीच पटलं नाही. आठ दिवसांपूर्वी नगरपालिकेची माणसं नळाला मोटार लावणारी घरं हुडकत गल्लीतून फिरली होती. हाही त्यातलाच असेल, नाहीतर त्याहून वाईट. तिनं दार लावून घेतलं. सिंधु त्या वेळी कोपऱ्यावर टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी होती.

तिचा नवरा व्यंकटी अहमदपूरच्या कोर्टात बेलीफ होता. एकतीस वर्षं तो समन्स घेऊन गावोगाव फिरला. दारात चपला दिसत असताना 'मालक गावाला गेलेत' हे त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं, की आता कुणी खरं बोललं तरी त्याला आधी चपला दिसायच्या.

त्याची पोरगी हैदराबादला पाच वर्षं कायदा शिकली. आता मुंबईच्या दोन मोठ्या वकिली फर्मनी तिला बोलावलं होतं. एक फोर्टातली, शंभर वर्षांची. दुसरी लोअर परळची, काचेच्या इमारतीतली. दोन्हींची पत्रं व्यंकटीनं छापून आणायला लावली आणि उजेडात धरून पाहिली. एकावरही शिक्का नव्हता. त्यानं विचारलं, कोर्टात कधी उभी राहणार? सिंधु म्हणाली, एका कंपनीनं दुसरी विकत घेतली की त्याचे करार करायचे, तेच काम. कोर्टात जायचंच नाही. कोर्टात न जाणारा वकील व्यंकटीनं पाहिला नव्हता. त्याचा संशय वाढला.

सिंधुचाही एक संशय होता, तो वेगळा. फोर्टातल्या वयस्कर वकिलांनी मुलाखतीत कायद्याचं फारसं काही विचारलंच नाही. "सोनकांबळे, म्हणजे नक्की कुठले?" एवढं विचारून ते हसले होते. परळला तिघांनी तासभर फक्त कायद्याचं विचारून तिला घाम फोडला. तिचा कल परळकडे होता. परळवाल्यांनी तिची सगळी कागदपत्रं मागवली होती. फोर्टवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत कळवा, एवढंच म्हटलं होतं.

दुपारी कोर्टाच्या आवारात शेषेराव कारकून उदगीर जिल्हा झाला तर कुणाची बदली कुठं होईल, ते सांगत होता. मधेच व्यंकटीला म्हणाला, तुझ्या गल्लीत एक जण तुझ्या घराची चौकशी करत होता. नवीन जिल्ह्याचा सर्व्हे असेल, आता स्टँडवर चहा पीत बसलाय. व्यंकटीनं घरी फोन लावला, कोंडाबाईनं काय सांगितलं ते ऐकलं आणि सायकल काढली.

तो माणूस लातूरच्या गाडीची वाट बघत होता. चाळिशीचा, मारोती नावाचा. नोकरीला लागणाऱ्यांचे पत्ते तपासून द्यायचं काम तो एका एजन्सीसाठी करायचा. परळच्या फर्मनं ते काम त्या एजन्सीला दिलं होतं. व्यंकटीनं आपण मुलीचे वडील असल्याचं सांगितलं.

"बाईनं न्हाई म्हणून सांगितलं. म्या तसंच लिहिलं," मारोती म्हणाला.

यात त्याची चूक नव्हती. व्यंकटीनं स्वतः तेच वाक्य हजार वेळा लिहिलं होतं. त्यानं कागद बघायला मागितला. मारोती आधी नाही म्हणाला, मग कोर्टाचं ओळखपत्र पाहून फाईल उघडली. 'दिलेल्या पत्त्यावर मिळून आली नाही.' त्याच्या खाली शेऱ्याचा रकाना होता. त्यात दोनच शब्द होते. एस.सी. वस्ती.

व्यंकटीनं त्या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी न्हाई. रकाना रिकामा ठेवला की हापिसातून फोन येतो. मग म्या आपलं कायतरी लिहितो."

"दुसऱ्यांच्या घराचं काय लिहिता?"

मारोतीनं चहाचा कप उगाच फिरवला. "पक्कं घर हाय. दारात गाडी हाय. असं."

मग तो स्वतःच म्हणाला, हा कागद फाडून टाकू, कोरा आहे माझ्याकडे. व्यंकटीनं त्याचा हात धरला. फाडू नका म्हणाला. आधी त्या कागदाचा मोबाईलवर फोटो घेतला, मग खिशातला पेन काढून खाली लिहिलं: 'वडील समक्ष हजर. पत्ता बरोबर आहे. मुलगी याच घरात राहते.' सही केली, तारीख घातली. त्या दोन शब्दांना त्यानं हात लावला नाही.

घरापर्यंत तो सायकल हातात धरून चालत गेला. सांगितलं तर पोरगी परळला नाही म्हणेल आणि त्या हसणाऱ्या म्हाताऱ्याकडे जाईल. नाही सांगितलं, तर काहीच माहीत नसताना जाईल. दारात पोचेपर्यंत त्याचं ठरलं. त्यानं फोटो तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. कोंडाबाई म्हणत राहिली, म्याच पोरीचं वाटोळं केलं. सिंधुनं तो फोटो परळला पाठवला आणि खाली एकच प्रश्न विचारला: हा शेरा तुम्हाला कशासाठी हवा आहे?

चार दिवस उत्तर आलं नाही. व्यंकटी म्हणाला, आता येणारही नाही. याच दिवसांत फोर्टातल्या वकिलांचा फोन आला. फार गोड बोलले, आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे म्हणाले. सिंधुनं त्यांना आडनावाबद्दल सरळ विचारलं. ते हसले आणि म्हणाले, मी असं काही विचारल्याचं मला आठवत नाही.

पाचव्या दिवशी परळहून पत्र आलं. असा शेरा आम्ही मागत नाही, तो तुमच्या कागदांतून काढला आहे, एजन्सीकडून लेखी खुलासा मागवला आहे. खाली एका मोठ्या वकीलबाईंचं नाव आणि सही. व्यंकटीनं पत्र दोनदा वाचून घेतलं. माफीचा शब्द कुठंच नव्हता.

"परळलाच जाते," सिंधु म्हणाली.

"तिथंच? ज्यांच्या कागदावर ते लिहिलं?"

"लिहिलं म्हणून तर जाब विचारता आला, बाबा. म्हाताऱ्यांनी विचारलं, आणि आता विचारलंच न्हाई म्हणतात. त्यांना मी कुठं धरू?"

"म्हणजे हे चांगले हायत म्हणतीस?"

"ते मला माहीत न्हाई. पत्र जपून ठेवलंय."

व्यंकटीनं मान हलवली. हे मात्र त्याला कळलं.

जूनमध्ये, पावसाचा पत्ता नसताना, ते तिघं पहाटेच्या एसटीनं लोह्यावरून नांदेडला आले. मुंबईची तपोवन फलाटाला लागली होती. सिंधु आत जाऊन खिडकीशी बसली. कोंडाबाईनं पाण्याच्या दोन बाटल्या गजांतून आत दिल्या, तिसरीही दिली. पोरगी नको म्हणत होती.

डब्याच्या दाराशेजारी प्रवाशांच्या नावांची यादी चिकटवलेली होती. व्यंकटी चष्मा लावून तिच्यासमोर उभा राहिला. इंग्रजी नावांवरून बोट खाली आणत एका ओळीवर थांबला आणि एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव वाचलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका काका, आमालाबी बघू द्या."

तो सरकला नाही. गाडी हलली तेव्हा बोट यादीवरच होतं. दोन-चार पावलं तो डब्याबरोबर चालला, आणि मग नाव त्याच्या बोटाखालून पुढं निघून गेलं.