सिंकखालचा मग

तनिषाने युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स घेतलं तेव्हा मी इथे लंडनजवळ इल्फर्डमधल्या सगळ्या ओळखीच्यांना पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी तिने त्याच्या जोडीला ‘अमेरिकेतील वंश आणि वांशिकता’ हे मायनर घेतलं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. साउथहॅम्प्टनला राहून अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांची भांडणं शिकायची, म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. ‘आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी गत आहे या ब्रिटिशांची,’ असं मी तिला दर रविवारी फोनवर ऐकवायचे. आमचे हे म्हणत, “शिकू दे गं, आवडतंय तिला.” ह्यांना सगळंच चालतं.

ईस्टरच्या सुट्टीत ती घरी आली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे राडकाचा दिवस. राडका बल्गेरियाची, साठीला टेकलेली. चार वर्षं दर मंगळवारी आमचं घर साफ करायला येते. काम चोख. अकरा वाजता मी तिला आल्याचा चहा देते, बरोबर बिस्किटं. हल्ली कोण देतं? त्या दिवशीही चहा पिऊन तिने मग विसळला, सिंकखालच्या कपाटात ठेवला आणि बारा वाजता गेली.

तनिषा डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. ती उठली, सिंकखालचं कपाट उघडलं आणि फोनवर फोटो काढला.

“आई, हा मग इथे का ठेवला आहेस? ब्लीचच्या बाजूला?”

“राडकाचा आहे तो.”

“तिने आणला?”

“नाही गं, आपलाच. तिच्यासाठी ठेवलाय.”

“पण वर तर वीस मग्ज आहेत.”

“ती टॉयलेट्स घासते, तनिषा. हायजीन नावाची काही गोष्ट असते.”

 लॅपटॉप माझ्याकडे वळवून तिने वाचायला लावलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या मोलकरणींच्या जुन्या मुलाखती होत्या. या बायका घरभराचा स्वयंपाक करायच्या, मालकिणीची पोरं कडेवर वाढवायच्या, पण त्यांची ताटली आणि कप वेगळे, मागच्या दाराशी ठेवलेले.

“मालकिणींना विचारलं की त्या पण हायजीनच म्हणायच्या,” तनिषा म्हणाली. “आम्हाला असाइनमेंट आहे. आपल्या घरातली अशी एक गोष्ट शोधायची. सुट्टीनंतर पहिल्या सेमिनारला मी हा फोटो दाखवणार आहे.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्ही आयुष्यात कुणाची जात विचारली नाही. आणि राडका तर गोरीपान, हिच्या त्या वंशात हे बसतं तरी कुठे? तसं मी तिला बोलूनही दाखवलं.

“तेच तर सांगायचं आहे मला. ती व्हाइट आहे, तरी तिचा मग वेगळा. हे इथलं नाही, आई. हे आपण इंडियामधून आणलं.”

पुण्याला माहेरी कांताबाई धुणंभांडी करायच्या. त्यांचा कप मागच्या खिडकीत पालथा असायचा आणि त्यांचा त्याच विसळायच्या, घरातली बाकी सगळी भांडी घासून झाल्यावर. हे मला आठवलं. तिला सांगितलं नाही.

“घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या नसतात,” मी म्हणाले. “फोटो काढून टाक.”

“तूच म्हणतेस ना, झाकून-वाकून?” आवाज न चढवता ती म्हणाली. “ओके, डिलीट करते. फक्त एक कर. यातून तू चहा पी.”

त्यात काय मोठंसं. मी आधण ठेवलं. तो मग गरम पाण्याने, साबण लावून दोनदा धुतला. निळा मग, कानापाशी टवका उडालेला. धुताना लक्षात आलं, राडकासाठी काढून ठेवल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. चहा ओतण्यापुरताच काय तो संबंध, तेही मग ओट्यावर ठेवून राडका बाजूला झाली की.

चहा ओतला, समोर घेऊन बसले. तोंडाजवळ नेला. ब्लीचचा वास येतो का बघितलं. येत नव्हता. आल्याचा येत होता. तो मग मीच धुतला होता, माझ्या हातांनी, तरी ओठ लागेनात.

“गरम आहे,” मी म्हणाले.

“थांबते मी,” तनिषा म्हणाली.

ती खरंच थांबली. फोन टेबलावर उपडा ठेवून, दुसरीकडे बघत. माझी फजिती बघायची तिला हौस नव्हती, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. चहावर साय धरली. मी दोनदा मग उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

“फोटो राहू दे,” शेवटी मी म्हणाले. “कुणाचं किचन म्हणून विचारलं, तर आईचं म्हणून सांग.”