वाचून दाखव, मग चालव

प्रसन्ना टीचरच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एकच नियम होता, आणि तोही त्यांनी स्वतः काढलेला. पोरांनी स्क्रीनवर सूचना लिहिलेले रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, आणि हिरवा झेंडा दाबून खेळातली बोट पळवायच्या आधी वरपासून खालपर्यंत सगळे ठोकळे मोठ्यानं वाचून दाखवायचे. वाचून दाखव, मग चालव. नाहीतर पोरं काय करतात, काहीबाही जोडतात, झेंडा दाबतात, बोट उलटी फिरली की आणखी काहीबाही जोडतात, आणि घंटा झाली की घरी पळतात. टीचर मूळच्या गणिताच्या. असल्या लॉटरीचा त्यांना भारी राग.

शाळा समुद्राच्या इतकी जवळ होती की खाऱ्या वाऱ्यानं कॉम्प्युटरच्या पिना गंजायच्या. टीचर जुन्या नाइट्या फाडून त्यांची झाकणं शिवून आणत. बाकीचे शिक्षक हसायचे. "प्रसन्ना टीचरच्या खोलीतून संध्याकाळच्या प्रार्थनेसारखा आवाज येतो," म्हणायचे. टीचरना ते ऐकून बरंच वाटायचं.

जोस्मी आठवीत असताना या खोलीत आली. समुद्राच्या दगडी भिंतीमागच्या कोळीवाड्यातली मुलगी, बाप बोटीवर, आई फिलोमिना कोळंबी सोलायच्या शेडमध्ये. जोस्मीला वाचता येत नव्हतं. शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ज्या केरळात बसस्टॉपवरचा म्हातारासुद्धा पेपर वाचत उभा असतो, तिथं आठवीतल्या पोरीला अक्षरं लागत नाहीत हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दर वर्षी तिला वरच्या वर्गात ढकलायचं आणि पुढच्या शिक्षकाच्या गळ्यात मारायचं, एवढंच चालू होतं. फक्त मल्याळमच्या सरसम्मा टीचर शेवटच्या तासाला पोषण आहाराच्या कोठाराशेजारी मागं पडलेल्या मुलांना घेऊन बसत. तिथं पाचवीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांत ही लांबलचक पोरगी मान खाली घालून बसायची.

कॉम्प्युटरवर मात्र ती बसली आणि वेगळीच झाली. पहिल्याच आठवड्यात तिनं बोट केली, मासे केले, आणि वादळाचा लाल बावटा लागला की बोट किनाऱ्याकडे वळायला लावली. टीचर म्हणाल्या, "वाचून दाखव." जोस्मी उभी राहिली.

"हिरवा झेंडा दाबला की. सारखं करत राहा. दहा पावलं पुढे जा. माशाला लागली तर गुण एकनं वाढव. लाल बावटा दिसला तर घरी जा."

कुठं अडखळली नाही. टीचरच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मोळे, माझ्या पोरी, वाचतेस की गं तू! हे आलं ना, की पुस्तक आपोआप येईल."

आणि त्या तिला हाताला धरून थेट हेडमास्तरांच्या खोलीत घेऊन गेल्या. तिकडं मास्तरांना माश म्हणतात. सुगुणन माशांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता, ती म्हणजे फाटकावरचा दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक. जोस्मीमुळं तो उतरवावा लागणार, हे त्यांनी आठवीतच ओळखलं होतं.

"टीचर, हिला नववीनंतर बाहेरून बसू दे, असं मी आईला सांगणार होतो."

"आधी ऐका तर माश. वाच गं."

जोस्मीनं मघाचंच, टीचरनी कागदावर छापून घेतलेलं रंगीत चित्र पाहून पुन्हा घडाघडा म्हटलं. माशांनी चष्मा काढून पुसला.

"चमत्कार आहे बुवा. ठीक आहे. जिल्ह्याच्या कॅम्पला निवडली गेली तर दहावीला वाढीव गुण मिळतात. तेवढं करून दाखवा, मी तिला काढणार नाही. नाही जमलं तर मात्र मला बोल लावू नका."

कॉम्प्युटरच्या क्लबचा तास आणि सरसम्मा टीचरचा तास एकाच वेळी. प्रसन्ना टीचरनी जोस्मीचं नाव तिकडून काढून घेतलं. सरसम्मा म्हणाल्या, "थोडी थोडी अक्षरं कळायला लागलीयत तिला. आत्ता नका नेऊ."

"तुमच्या खोलीत ती रडते टीचर. माझ्या खोलीत वाचते."

पुढं सरसम्मा टीचर निवृत्त झाल्या. ते काम आता कॉम्प्युटरवर होतंय असं म्हणून माशांनी तो वर्गच बंद केला. प्रसन्ना टीचरनी त्यावर एक शब्द काढला नाही. उलट मनातून त्यांना अभिमानच वाटला, हेही सांगून टाकायला हवं.

ओणमच्या सुट्टीआधी फिलोमिना सुक्या कोळंबीच्या चटणीची बरणी घेऊन शाळेत आली. बर्फात हात घालून घालून तिच्या बोटांची सालं गेलेली. "टीचर, शेडवर सगळ्यांना सांगितलं मी. आमची पोर वाचायला लागली. आता तिला या घाणीत नाही आणणार."

टीचरनी बरणी घेतली. चटणी घरी सगळ्यांना आवडली.

नववीत, कॅम्पच्या थोडं आधीची गोष्ट. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरची वायर गंजली आणि त्याच्या स्क्रीनवर सगळंच पिवळट दिसायला लागलं, निळं नाही, जांभळं नाही, नुसतं आजारी पिवळं. त्या दिवशी जोस्मीच्या वाट्याला तोच आला. ती थोडा वेळ बसली आणि उठून आली.

"टीचर, ते मशीन नको."

"का गं? चालतंय की. अक्षरं स्पष्ट दिसतायत."

"नको टीचर. त्याच्यावर मला वाचता येत नाही."

शेजारच्या मुलानं त्याच मशीनवर बसून भराभरा वाचून दाखवलं. प्रसन्ना टीचरनी एकदा त्या स्क्रीनकडं पाहिलं, एकदा जोस्मीकडं. गणिताच्या बाई त्या, दोन आणि दोन किती हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पोरगी अक्षर वाचतच नव्हती. बाकीच्या पोरांचं वाचणं ऐकून, निळ्यातला वरून तिसरा म्हणजे हे, पिवळ्यातला दुसरा म्हणजे ते, असं ध्यानात ठेवून ती बोलत होती. आणि तिला वाटत होतं, यालाच वाचणं म्हणतात. का वाटू नये? टीचरनीच तर सांगितलं होतं.

टीचर हसल्या. "बरं बाई, तुझ्यासाठी दुसरा," म्हणाल्या, आणि तिला चांगल्या मशीनवर बसवलं. कॅम्प तोंडावर आलेला. तिथंही आधी खेळ पडद्यावर करून दाखवतात, मग तसाच बनवायचा असतो. कागदावरचं काही वाचायचं नसतं, हे त्यांनी चौकशी करून ठेवलं होतं. एकदा निवड होऊ दे, वाढीव गुण मिळू देत, मग सावकाश अक्षरं गिरवून घेऊ, असं त्यांनी स्वतःला समजावलं. डोळ्यांवर कातडं ओढायला शिकल्यासवरल्या माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

कॅम्प आलप्पुळ्यात होता. बरोबर आलेल्या शिक्षकांना आत जाता येत नव्हतं. टीचर व्हरांड्यात खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहिल्या. श्यामजित नावाचा एक तरुण शिक्षक मुलांना खेळ दाखवत होता. बोट, मासे, वादळाचा लाल बावटा, बोट परत. जोस्मीनं मागं वळून टीचरकडं पाहिलं आणि इतकी गोड हसली! तिचाच तर खेळ. तिनं आठवीत केलेला.

"इथं नवी आवृत्ती आहे," श्यामजित म्हणाला. "रंग थोडे बदललेत, ठोकळ्यांच्या जागा इकडच्या तिकडं झाल्यात. बाकी सगळं तेच. चला, सुरू करा."

टीचरच्या हाताला गज एकदम गार लागला.

जोस्मीचा हात माऊसवर थांबला. मग तिनं झेंड्याचं चित्र शोधून काढलं, ते तेवढं तसंच होतं. पुढचा ठोकळा तिनं त्याच्या जुन्या जागेवरून उचलला. मग आणखी एक. आकार ओळखीचे होते, पण एकाच आकाराचे दहा दहा. तिनं झेंडा दाबला. बोट नाहीशी झाली. परत जोडलं, परत दाबलं. खोलीतली बाकीची पोरं पुढं सरकत होती आणि जोस्मी तेच करत होती, ज्याचा टीचरना राग होता.

श्यामजित तिच्याजवळ आला. पोरगा चांगला होता, त्याच्यावर राग धरता येत नाही. "अडलं का मोळे? काय जोडलंयस ते वाच बघू. वाचलं की चूक आपली आपल्याला सापडते."

जोस्मी उठून उभी राहिली, टीचरच्या खोलीत राहायची तशीच, हात बाजूला सरळ. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिरवा झेंडा दाबला की. सारखं करत राहा. माशाला लागली तर गुण एकनं वाढव. लाल बावटा दिसला तर घरी जा."

शेजारचं पोर फिसकन हसलं. "चेची, अगं ताई, तिथं 'लप' लिहिलंय. आणि खाली 'आवाज बंद कर'."

अख्खी खोली हसली.

श्यामजितनं स्क्रीनकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "परत वाच. घाईत नको. एकेका शब्दाखाली बोट ठेव."

जोस्मीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. ते तिथंच राहिलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत गेलं, आणि टीचरना ते खिडकीतून लख्ख दिसलं. मग तिनं मान वळवून खिडकीकडं पाहिलं.

प्रसन्ना टीचरनी नजर काढून घेतली. समोरच्या भिंतीवर कसलीशी जाहिरात होती, ती त्या वाचत राहिल्या.

निघताना श्यामजितनं त्यांना गाठलं. "टीचर, मला कळलं नाही. रंग न् जागा बदलल्या, ठोकळ्यांवरचे शब्द तर तेच होते हो."

परतीच्या बसमध्ये टीचरनी पळंपोरी घेऊन दिली. जोस्मीनं ती भजी घर येईपर्यंत कागदासकट हातात धरून ठेवली. तेलानं तिचा युनिफॉर्म डागाळला. टीचर काहीतरी बोलणार होत्या. कोळीवाड्याचा स्टॉप आला तेव्हाही त्या काहीतरी बोलणारच होत्या.

सुगुणन माश चिडले नाहीत, हे जास्त वाईट. "तुम्हीच आणली होतीत ना तिला माझ्यापुढं, वाचते म्हणून?" एवढंच म्हणाले, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही केली. टीचर हातापाया पडल्या, एक वर्ष द्या म्हणाल्या. माशांनी खिडकीतून फाटकाकडं बोट दाखवलं. शंभर टक्के.

शेवटी टीचर शेडवर गेल्या. आत बर्फाचं पाणी, कोळंबीचा वास, रांगेनं बसलेल्या बायका. जोस्मी सगळ्यांत मागं, आईच्या आडोशाला होती. कोणी तपासायला आलं तर आईचा डबा द्यायला आलेय असं सांगायचं, हे तिला शिकवून ठेवलेलं. टीचरना पाहून फिलोमिना हात पुसत उठली. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "या टीचर. ही म्हणते, मला वाचता येत नाही. असं कसं होईल? येत होतं ना? तुम्हीच म्हणाला होता."

टीचर जोस्मीजवळ वाकल्या. "मोळे, चल. माझ्या घरी ये रोज. मी शिकवते, अगदी पहिल्या अक्षरापासून."

जोस्मीचे हात थांबले नाहीत. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाटीत टाकायची. खाली बघतच ती म्हणाली, "टीचर, एक विचारू?"

"विचार ना."

"कोपऱ्यातलं ते पिवळं मशीन. मी नको म्हटलं, तुम्ही हसलात, मला दुसरं दिलंत. तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

बर्फाच्या मशीनची घरघर चालू होती.

"मला नव्हतं कळलं," जोस्मी म्हणाली. "मला खरंच वाटायचं, मी वाचते."

"काय विचारतेय ती?" फिलोमिना म्हणाली. "काय ते सांगा की टीचर तिला."

"हो," प्रसन्ना टीचर म्हणाल्या. "कळलं होतं."

जोस्मीनं मान हलवली, वर्गात उत्तर मिळाल्यावर हलवायची तशी, आणि पुढची कोळंबी उचलली. टीचर उभ्याच राहिल्या. त्यांना बसा असं कोणी म्हटलं नाही.