गेल्या सालची टेप

आमच्या केबल चॅनेलचा कॅमेरामन प्रसेनजीत आणि मी टीव्हीच्या बातम्यांवरचा विनोदी सिनेमा बघायला गेलतो. दुपार फुकट गेली! साहेब खेकसणार, निवेदिका चुकणार, शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडणार. मध्यंतरातच मी हे सांगितलं आणि अगदी तसंच झालं.

"यांना नवं काय सुचतच न्हाय व्हय?" बाहेर येऊन मी ओरडलो.

ऑफिसात आलो. गगनबावड्याला पाऊस कोसळत होता. आमचे साहेब म्हणाले, "तिथं कोण जातंय? गेल्या सालची पावसाची टेप लावा."

मी लावली.

बातम्या संपताच फोन आला. "पावणं, त्या पुलावर छत्री धरून उभा हाय न्हवं, त्यो माझा बाप. दिवाळीत गेला. उद्याबी तेच दाखवा की."