दाबून भरलेलं शेवाळ

मी रोपवाटिकेतून कुंडीत घालायच्या सालीची पिशवी घेऊन घरी आले, तोवर आमच्या साहेबांनी माझी तीन झाडं कुंडीतून उपटून ठेवली होती.

साहेब म्हणजे माझे यजमान. विम्याच्या ऑफिसात साहेब होते, निवृत्त झाले, पण घरातली खुर्ची काही सुटली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या एका कुंडीला त्यांचा हात लागला नव्हता. आणि आज हा गृहस्थ मागच्या बाल्कनीत जुनी वर्तमानपत्रं पसरून, चष्मा कपाळावर चढवून, माझ्या ऑर्किडच्या मुळांशी कुस्ती खेळत होता. शेजारी शेवाळाचं पोतं. दुकानात सुकं मिळतं आणि भिजवून वापरतात, तेच.

"हे काय चाललंय?"

"कुंड्या बदलतोय. तूच म्हणत होतीस ना, माती कुजली म्हणून."

माती! ऑर्किड मातीत लावत नाहीत हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

माझी ऑर्किड चपलीची. फुलाची खालची पाकळी बंद चपलेच्या टोकासारखी फुगलेली असते, म्हणून मी त्यांना तसं म्हणते. बाकीच्या बऱ्याच ऑर्किडना पाणी साठवायला बुडाशी जाड गाठी असतात, ह्यांना नसतात. त्यामुळे ही कोरडी पडलेली चालत नाहीत आणि डबक्यात बसलेलीही चालत नाहीत. बारीक साल, थोडा कोळसा, थोडे ते पांढरे हलके खडे. दोनेक वर्षांत साल कुजते, कुंडीला आंबट वास येतो, मुळं गुदमरायला लागतात, की बदलायची. पण कशात लावायचं हे झाड बघून अर्धंच ठरतं. उरलेलं अर्धं पाणी घालणाऱ्याचा हात बघून ठरतं. जो विसरतो त्याने शेवाळात लावावं, ते बरेच दिवस ओलं राहतं. ज्याला रोज पाणी घातल्याशिवाय चैन पडत नाही त्याने सालीत. मला चैन पडत नाही. सकाळी चहाच्या आधी एकेक कुंडी उचलून तिचं वजन बघते, मग पाणी घालते. तेवढा वेळ घरात कोणी मला हाक मारत नाही. म्हणून माझी सगळी झाडं सालीत.

आणि साहेब अंगठ्याने शेवाळ ठासत होते.

"अहो, दाबताय काय! बॅग भरताय का?"

"झाड हलायला नको ना."

"हलायला नको म्हणून गळा दाबायचा? मुळांना हवा कुठून मिळणार? महिन्याभरात सडेल सगळं."

"व्हिडिओत असंच दाखवलं होतं."

"व्हिडिओतला तो बाबा येणार आहे का सडलेली मुळं कापायला?"

मी त्यांच्या हातातून कुंडी ओढून घेतली आणि बघते तर काय, हे कळीचं झाड! बोटाएवढं रोप आणून वाढवलं होतं, इतक्या वर्षांनी पहिली कळी धरली होती. कळी असताना झाडाला हात लावत नाहीत, शेंबडं पोरही सांगेल. दोन मुळं मोडली होती. मला रडूच आलं, पण रागाने ते वर येऊ दिलं नाही.

"आणि शेवाळच का? सालीचं दुकान बंद होतं?"

"ते पाणी धरून ठेवतं. मी चार दिवस विसरलो तरी चालतं."

"तुम्ही कशाला विसराल? पाणी मी घालते."

"तू नसशील तेव्हा."

"मी कुठे चाललेय?"

साहेब नखातलं शेवाळ काढत बसले. ऑफिसात चूक दुसऱ्यावर ढकलता येत असेल, बाल्कनीत आम्ही दोघंच होतो.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मी कुठे चाललेय?"

"मुलाचा फोन आला होता. सूनबाईची रजा संपतेय. बाळाला बघायला घरचं माणूस हवं. वर्षभराचा तर प्रश्न आहे." मग कुंडीकडे बघत म्हणाले, "तिकीट काढलंय त्याने."

"कोणाचं?"

"तुझं."

"आणि मला विचारणार कोण होतं?"

"त्यात विचारायचं काय? नातू आहे तुझा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नातू माझा आहे, हे मला ह्यांनी सांगायचं? तो हसला की माझा दिवस चांगला जातो. त्याच्यासाठी मी रात्री-अपरात्री उठेन, मांडीवर घेऊन बसेन, सगळं करेन. पण मी कपाटातली घडी नाही, की इथून काढली आणि तिथे ठेवली. माझं वर्ष दोन पुरुषांनी फोनवर वाटून घेतलं आणि मला पत्ता नाही. शेवाळ मात्र वेळेवर आलं!

"आणि तुम्ही काय करणार इथे?"

"मी घर सांभाळेन."

"चहाचं पातेलं कुठे असतं सांगा बघू."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने मोघम हात केला. घरातलं स्वयंपाकघर त्यांना तेवढंच माहीत.

मी हात धुतले, मुलाला फोन लावला. तो उचलून लगेच म्हणाला, "आई! तयारी झाली?"

"कसली रे तयारी?"

"असं काय करतेस? बाबा म्हणाले, तू एका पायावर तयार आहेस."

मी साहेबांकडे बघितलं. ते पोत्याचं तोंड बांधायला लागले.

"अजून काय म्हणाले बाबा?"

"काही नाही गं. म्हणाले, आईला इथे तसं काही काम नसतं, तिचाही वेळ जाईल."

काम नसतं. रोपवाटिकेचा मालक स्वतःची मरायला टेकलेली झाडं माझ्याकडे आणून टाकतो, ती मी जगवून परत देते. दोन माणसांचं जेवणखाण, बिलं, ह्यांच्या गोळ्या, ह्यांच्या बहिणीची आजारपणं, सगळं बिनबोभाट होतं. म्हणून ते काम नाही. उद्यापासून बोंब मारून करते, म्हणजे दिसेल.

"ऐक," मी म्हटलं, "मी येणार नाही. बाळाला भेटायला येईन, महिनाभर राहीन, पण कधी ते मी ठरवेन. तिकीट रद्द कर."

"अगं आई, असं ऐन वेळी! हिने ऑफिसात कळवलंय. आम्ही काय करायचं? निदान हिचा तरी विचार कर. तिनेच हट्ट धरलाय, आईच हव्यात म्हणून."

हे मात्र मला लागलं. सुनेशी माझं बरं आहे. तिला मी हवी असेन आणि मी नाही म्हणत असेन, तर थोडं वाईट वाटणारच. आवाज खाली आणून मी म्हटलं, "दे तिला फोन."

पलीकडे कुजबुज झाली. दार लागल्याचा आवाज आला. मग सून बोलली, अगदी हळू.

"आई, रागावू नका. मी पाळणाघर बघून ठेवलंय. ऑफिसच्या शेजारीच आहे, मधल्या सुट्टीत बाळाला बघून येता येईल. मला तेच हवं होतं. पण हे म्हणाले, आईला यायचंच आहे, तिने हट्ट धरलाय, नाही म्हटलं तर तिचं मन मोडेल."

मी हट्ट धरला होता म्हणे. तिनेही धरला होता. आम्हा दोघींना एकमेकींची भीती घालून बापलेकांनी सगळं जमवलं होतं, आणि आम्ही दोघी समजूतदारपणे गप्प बसून हो म्हणणार होतो. ती तर म्हणूनही बसली होती.

"अगं, मग मला फोन का नाही केलास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

माझा राग निवळला नाही. उलट आता तो दोघींचा झाला.

"नवरा कुठे आहे तुझा?"

"दाराबाहेर उभे आहेत. ऐकतायत बहुतेक."

"मग दार उघड. फोन स्पीकरवर टाक."

मी इकडे माझाही स्पीकर लावला. साहेब पोतं उचलून हळूच आत सटकायला निघाले होते.

"कुठे निघालात?" मी म्हटलं. "बसा. सूनबाई बोलतेय."

ते बसले, आणि ती बोलायला लागली.