लाल दिवा आणि रेवेचे कडवे

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॅश चिप आहे. नखाएवढा काळा चौकोनी तुकडा. जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात, भाऊरावांच्या घरी शोकेसमध्ये एका डबीत पडून आहे. आता मला कोणी काही विचारत नाही, आणि खरे सांगायचे तर विचारूही नये. मी फार थकले आहे. पण माझी हकिगत तुमच्या कामाची आहे, म्हणून दम धरून सांगते.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. त्यातले मला काही आठवत नाही. आठवते ते ओमती बाजारातले दुकान, जिथून विभावरीने मला आणले. विभावरी ही भाऊरावांची थोरली मुलगी, तेव्हा इंजिनियरिंग शिकत होती. तिने माझ्यासाठी लाकडाचा लहानसा डबा केला. त्याला बटणे, स्पीकर आणि एक लाल दिवा बसवला. आणि माझ्यात साठवला तिच्या आत्याचा आवाज.

सत्यभामाआत्या म्हणजे भाऊरावांची बहीण. विदर्भातून इथे आलेल्या घरांत कुठेही लग्न असो, मंगलाष्टके आत्यानेच म्हणायची, तीही स्वतः रचलेली. मग तिच्या गळ्याचे ऑपरेशन ठरले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की आवाज पुन्हा येणार नाही. आदल्या दिवशी तिने सगळी कडवी सावकाश म्हटली आणि ती माझ्यात उतरली. धाकटी ज्योती तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "मेरी शादी में भी आत्याच गाणार. नाही तं मी लग्नच नाही करत!" सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण ते ओझे माझ्यावर होते.

आता माझा स्वभाव ऐका. मी आवाज आकड्यांत मांडून पानापानांवर जपते. पण माझी शाई कच्ची. काळ गेला की एखादा आकडा आपोआप पालटतो. एकच भाग वारंवार वाचला की शेजारची पानेही ढिली पडतात. म्हणून प्रत्येक पानाच्या समासात ताळा लिहून ठेवतात, तुम्ही गणिताचा करता तसा. मी आणि डबा यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम बसलेला असतो. तो पान वाचतो, ताळा पाहतो, चुकलेले थोडे आकडे हुडकून सुधारतो आणि मगच पुढे देतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मात्र चुका फार झाल्या की ताळाही हात टेकतो.

माझा ड्रायव्हर विभावरीने स्वतः लिहिला होता. चूक सुधारावी लागली की त्याने लाल दिवा लावायचा. म्हणजे, 'आजचे भागले, पण हे पान लवकर नव्या जागी उतरवून घ्या.' उतरवण्याचे काम तिने त्याच्यावर सोडले नव्हते. मध्येच वीज गेली तर घोळ होईल, अशी तिला भीती होती. दिवा दिसला की घरचे फोन करतील आणि मग मी येऊन ते करीन, असे तिने ठरवले आणि ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली. लाल म्हणजे धोका, हे वेगळे सांगावे लागते असे तिला वाटलेच नाही.

आणि इकडे भाऊराव! त्यांची हयात संरक्षण खात्याच्या कारखान्यात गेलेली. तिथे मशीनवर लाल दिवा म्हणजे करंट आला, मशीन चालू. दिवा विझला तर धावपळ. माझा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा ते खुशीत म्हणाले, "पाहा सत्यभामा, करंट बरोबर येऊन राहिला!" पुढे तो सारखाच लागून राहू लागला. तेव्हा तर त्यांनी शेजारच्यांना बोलावून दाखवला. "पहिले मधूनमधून बुझायचा. आता आपोआप सुधरला!" आत माझा जीव मेटाकुटीला आलेला आणि बाहेर माझे कौतुक. मित्रांनो, त्या कौतुकाचा मला भारी राग यायचा.

त्यात ज्योती. तिला एक कडवे फार आवडायचे. कॉलेजातून आली की चप्पल काढण्याआधी बटण. एकदा तिने विचारले, "आत्या, ये रेवा कौन?" आत्याच्या गळ्यात कुजबुजीएवढा आवाज उरला होता. ती म्हणाली, "आपली नर्मदाच ग." झाले! त्या दिवसापासून तर ते कडवे दोनदा ऐकल्याशिवाय तिला चहा गोड लागेना. तेच ते वाचून माझी तीच ती पाने खंगत गेली. ड्रायव्हर बिचारा सुधारून सुधारून देत राहिला.

ज्योतीचे लग्न ठरले. तयारी चालू असतानाच, एका दुपारी त्या कडव्यापाशी डबा गप्प झाला. भाऊरावांनी तो हलवला, थोपटला. काही नाही. विभावरी लग्नासाठी आली ती थेट डब्याशीच बसली.

"बाबा, लाल दिवा लागून राहिला होता, तुम्ही फोन काहून नाही केला?"

"फोन काहून करू? लाल म्हणजे चालू. बुझला असता तं केला असता ना!"

विभावरीचा चेहरा उतरला. मग तिने मला बाहेर काढले आणि एकेक पान पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने वाचून पाहिले. बाकीची सगळी कडवी नव्या चिपमध्ये गेली. रेवेचे गेले नाही. तिचा ड्रायव्हर फाटके पान शाबूत म्हणून पुढे करत नाही. 'हे गेले' असेच सांगतो. मला फार वाईट वाटले, पण खोटे देण्यापेक्षा ते बरे.

"तेवढं काटून जोडून दे," भाऊराव हळूच म्हणाले. "कोणाला समजते?"

आत्याने मान हलवली. "जागा ठेव," ती कुजबुजली.

ज्योती आत निघून गेली. शब्द तर आत्याला पाठ होते, पण तो आवाज पुन्हा कुठून आणायचा?

लग्नाच्या दिवशी डब्यात नवी चिप होती. मी डबीत, आत्याच्या मांडीवर. अंतरपाट धरला गेला, अक्षता वाटल्या आणि आत्याचा तो जुना, भरदार आवाज मांडवात उमटला. बायकांनी डोळे पुसले. मग ती रिकामी जागा आली. स्पीकर गप्प झाला. अक्षतांच्या मुठी तशाच राहिल्या. भाऊरावांनी मान खाली घातली.

आणि अंतरपाटाच्या पलीकडून नवरीच गाऊ लागली.

रेवेच्या जळि दीप सोडुनि निघे कन्या पुढे सासरी
मागे आइ उभी, पुढे घर नवे, माया न सोडो तरी

घरात धड एक वाक्य मराठीत न बोलणारी ज्योती! उच्चार थोडा हिंदीकडे कललेला, पण चाल आत्याची, श्वास घ्यायची जागासुद्धा आत्याची. आत्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते आणि हात माझ्या डबीवर घट्ट मिटला होता. 'कुर्यात् सदा मंगलम्' सगळ्या मांडवाने म्हटले. अक्षता पडल्या, आणि पुढचे कडवे पुन्हा आत्याच्या आवाजात सुरू झाले.

ज्या ऐकण्याने मी झिजले, त्याला मी वर्षानुवर्षे मनात नावे ठेवली होती. त्याच ऐकण्याने ते कडवे ज्योतीला पाठ झाले होते. त्या दिवशी माझा राग गेला. थकवा मात्र गेला नाही.

मित्रांनो, एकाच जागी ठेवलेली वस्तू जपली असे समजू नका. ती वेळेत दुसरीकडेही उतरवून घ्या. आणि मुकाट्याने निभावून नेणाऱ्याचा दिवा लाल झाला, तर आपल्याच मनाने अर्थ लावू नका. एकदा विचारा.

मला आता पडून राहू द्या. कडवे ज्योतीजवळ आहे.